ओझे निघाले, पण धोका टळला का?

गावात पावसाळ्यात एखादी जुनी भिंत पडते. विहीर खोदताना कड ढासळते. उतारावर ट्रॅक्टर उलटतो आणि चालवणारा त्याच्याखाली सापडतो. अशा वेळी सारा गाव धावतो. कोणी पहार आणतो, कोणी फावडे आणतो. दहा जणांचे हात लागतात. ओझे बाजूला होते आणि माणूस बाहेर निघतो. तो डोळे उघडतो. पाणी मागतो. दोन शब्द बोलतो. मग आपण म्हणतो, "देव पावला! वाचला बाबा."

पण मंडळी, खरी काळजी इथूनच सुरू होते.

पुष्कळ वेळ ओझ्याखाली दबलेला माणूस बाहेर काढताना कधी कधी अगदी बरा दिसतो. मग थोड्या वेळाने त्याची तब्येत एकाएकी बिघडते. कधी ती काही मिनिटांत बिघडते, कधी काही तासांत. कधी तो चार-आठ दिवस काढतो आणि मग दगावतो. घरची माणसे म्हणतात, "अहो, चांगला बोलत होता. चहा मागितला त्याने. असा कसा गेला?" कोणी म्हणते नशीब. कोणी म्हणते बाधा झाली.

हे नशीब नाही आणि बाधाही नाही. त्याला कारण आहे. कारण कळले की उपाय कळतो. तेच कारण आम्ही या पाठात साध्या शब्दांत सांगणार आहोत. पाठ वाचून झाल्यावर घरच्यांनाही वाचून दाखवा. कोणावर केव्हा वेळ येईल ते सांगता येत नाही.

मांसाला रक्त लागते

आपली मांडी, पोटरी, दंड चाचपून पाहा. हाताला जे भरदार लागते ते मांस. डॉक्टर त्यालाच स्नायू म्हणतात. चालणे, उचलणे, नांगर धरणे, दळण दळणे ही सारी कामे स्नायू करतात.

पिकाला जसे पाणी लागते, तसे स्नायूंना रक्त लागते. पाट बंद केला की वाफ्यातले पीक माना टाकते. रक्त बंद झाले की स्नायूंचेही तसेच होते.

पाय दुमडून खूप वेळ बसले म्हणजे पायाला मुंग्या येतात. पाय मोकळा केला की त्या जातात. थोडा वेळ दाब पडला तर एवढेच होते. पण मांडीवर भिंत पडली, तुळई पडली, आणि ती तासन् तास तशीच राहिली तर? मग तिथले रक्त थांबते आणि स्नायू मरू लागतात. साधारण चार ते सहा तास असा दाब राहिला तर मोठे नुकसान होते. ओझे फार जड असेल आणि मांडीसारखा मोठा भाग दबला असेल, तर एका तासातही नुकसान होऊ शकते.

वरून कातडी कधी साबूत असते. रक्ताचा थेंब दिसत नाही. म्हणून पाहणाऱ्याला वाटते, "काही लागलेलं दिसत नाही." पण मार आत असतो.

बांध फुटतो तेव्हा

आता नीट लक्ष द्या. पाठाचे मर्म इथे आहे.

स्नायू मेले की त्यांच्या आतले रस बाहेर पडतात. ओझे अंगावर आहे तोवर ते तिथेच अडून राहतात. ओझे म्हणजे जणू ओढ्यावरचा बांध. आपण ओझे उचलतो आणि बांध फुटतो. साचलेले सारे रक्तात मिसळते आणि अंगभर जाते. त्यातून तीन संकटे उभी राहतात.

पहिले संकट सुजेचे. रक्त पुन्हा वाहू लागले की रक्तातले पाणी त्या दुखऱ्या भागात भराभर शिरते. पाय टम्म फुगतो. एका मांडीत कित्येक लिटर पाणी मुरू शकते. ते पाणी येते कुठून? अंगातल्या रक्तातूनच. मग बाकीच्या अंगाला रक्त पुरत नाही. नाडी जलद आणि बारीक चालते. हातपाय गार पडतात. घाम सुटतो.

दुसरे संकट काळजाचे. स्नायूंच्या आत पोटॅशियम नावाचा क्षार असतो. तुम्ही पिकाला पोटॅश खत घालता ना? त्यातला मुख्य पदार्थ हाच. अंगात तो ठरावीक मापानेच असावा लागतो. एकदम फार पोटॅशियम रक्तात आले तर काळजाचे ठोके चुकतात. काळीज थांबूही शकते. ओझे काढल्यावर काही मिनिटांत माणूस जातो, तो बहुतेक या कारणाने.

तिसरे संकट किडनीचे. पाठीकडे, कमरेच्या जरा वर, दोन्ही बाजूंना एकेक किडनी असते. मराठीत तिला मूत्रपिंड म्हणतात. ती मुठीएवढी असते. तिचे काम गाळणीचे. रक्त गाळून त्यातली घाण ती लघवीवाटे बाहेर टाकते. मेलेल्या स्नायूंमधून एक तांबडा रंग सुटतो. तो किडनीच्या बारीक नळ्यांत गाळासारखा बसतो. त्यातच अंगातले पाणी कमी झालेले असते. पाणी कमी आणि गाळ जास्त, मग नळ्या तुंबतात. लघवी कमी होते. तिचा रंग कोऱ्या चहासारखा किंवा काकवीसारखा होतो. पुढे लघवी बंद पडते आणि घाण रक्तात साठू लागते.

आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. इथे तसेच होते. मार पायाला म्हणून आपण पायालाच चोळत बसतो. जीव मात्र काळजामुळे आणि किडनीमुळे धोक्यात असतो.

हे डॉक्टरांना कसे उमगले?

दुसरे महायुद्ध चालू होते. १९४० च्या सप्टेंबरपासून जर्मनीची विमाने लंडन शहरावर बाँब टाकू लागली. रात्रीमागून रात्री घरे कोसळत होती. ढिगाऱ्याखाली माणसे अडकत होती. काहींना कित्येक तासांनी जिवंत बाहेर काढले जाई.

त्यांतल्या काही रुग्णांचे एक कोडे डॉक्टरांना पडले. माणूस दवाखान्यात येई तेव्हा ठीक असे. फक्त पाय सुजलेला असे. काही तासांनी त्याला झटका बसे आणि रक्तदाब उतरे. उपचाराने तो जरा सावरे. पण लघवी तांबूस-काळी होई आणि कमी कमी होत जाई. आठवड्याभरात तो दगावे. जखम तर मरण्याइतकी मोठी नसे. मग तो मरे कशाने?

बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. मेलेल्या रुग्णांच्या किडन्या त्यांनी तपासल्या. किडनीच्या नळ्यांत त्यांना रंगीत गाळ सापडला. १९४१ साली त्यांनी ही हकीकत छापली. भूकंपात असे होते हे त्याआधीही काही डॉक्टरांनी लिहिले होते, पण फारसे कोणी लक्ष दिले नव्हते. या दोघांच्या लेखानंतर साऱ्या जगाचे लक्ष गेले. पाय चेंगरतो आणि किडनी बंद पडते, हा संबंध पक्का झाला.

आपल्या घरांचे वजन

लंडन दूर राहिले. आपल्याकडे पाहू.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या परिसरात मोठा भूकंप झाला. लातूर जिल्हा आणि शेजारचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव, यांतली कितीतरी गावे जमीनदोस्त झाली. हजारो माणसे गेली.

एवढी माणसे का गेली? त्या भागात दगड-मातीच्या जाड भिंती असत. वर माळवद असे. माळवद म्हणजे लाकडे, फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी लोक वर आणखी माती टाकीत. त्यामुळे घर उन्हाळ्यात गार राही. पण थरावर थर चढत जाई आणि छत जड होत जाई.

हे वजन किती असेल, याचा आपण हिशेब करू. खोली दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद धरा. वर एक फूट जाडीची माती धरा. दहा गुणिले दहा गुणिले एक, म्हणजे शंभर घनफूट. बांधकामात यालाच एक ब्रास म्हणतात. एक ब्रास मातीचे वजन चाळीस क्विंटलांच्या वर भरते. म्हणजे शंभर किलोची चाळीस पोती एका लहान खोलीच्या छतावर! ती झोपेत अंगावर आली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

अशा मातीखाली पुष्कळ जण श्वास कोंडूनच जातात. जे जिवंत निघतात त्यांचे हातपाय चेंगरलेले असतात. अशांना पुढे जगवायचे, तर पहिल्या काही तासांत काय करावे हे गावालाच माहीत हवे. बाहेरची मदत येईपर्यंत गावच गावाच्या उपयोगी पडतो.

मदतीला धावाल तेव्हा

आधी स्वतःची जागा पाहा. बाजूची भिंत झुकली आहे का? विजेची तार तुटून पडली आहे का? विहिरीची दुसरी कड ढासळण्याजोगी आहे का? मदतीला गेलेलाच गाडला गेला तर एकाचे दोन होतात.

एकाने ताबडतोब १०८ नंबरला फोन करावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात या नंबरावर रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत. फोनवर सांगा, "माणूस ओझ्याखाली अडकला आहे. इतका वेळ झाला." गावाचे नाव, रस्ता, ओळखीची खूण सांगा. एका पोराला फाट्यावर उभे करा, म्हणजे गाडी चुकणार नाही.

घड्याळ पाहा. केव्हा अडकला आणि केव्हा सुटला, या दोन वेळा लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. हा चार अक्षरांचा कागद डॉक्टरला फार मोलाचा असतो.

माणूस मातीत गाडला गेला असेल तर पहिल्यांदा तोंड आणि नाक मोकळे करा. मग छातीवरची माती काढा. डोके, मान, छाती किंवा पोट यांवर ओझे असेल तर क्षणही न दवडता ते काढा. तिथे वाट पाहायची नाही.

हात किंवा पाय अडकला असेल आणि तो लगेच मोकळा करता येत असेल, तर करा. थोड्या वेळात सुटलेल्या माणसाला बांध फुटण्याचा धोका कमी असतो.

पण कित्येक तास झाले असतील आणि डॉक्टर किंवा रुग्णवाहिका जवळ आली असेल, तर त्यांना आधी पोहोचू द्या. ओझे काढण्यापूर्वीच हाताच्या शिरेतून सलाईन सुरू केले तर फार फायदा होतो. एकदा पाणी अंगात जाऊ लागले की मग ओझे उचलावे. मात्र मदत लांब असेल, येण्याचा भरवसा नसेल किंवा तिथे थांबण्यात धोका असेल, तर माणसाला तसाच ठेवू नका. भीतीने त्याला ओझ्याखाली राहू देणे हे जास्त वाईट. जितका वेळ जाईल तितके स्नायू मरतात.

ओझे उचलताना टेकू देत देत उचला. थोडे उचलले की खाली दगड किंवा लाकूड सारा. नाहीतर पहार निसटते आणि तेच ओझे पुन्हा अंगावर बसते. यंत्राने ढिगारा ओढायचा असेल तर खाली माणूस कुठे आहे हे आधी नक्की करा.

सुटल्यावर त्याला उठवू नका. "चालून बघ बरं," असे म्हणू नका. सपाट निजवा. पाठीला किंवा मानेला मार असेल असे धरूनच चाला. चार जणांनी मिळून, अंग न वाकवता, रुंद फळीवर किंवा दारावर घ्या. अंगावर पांघरूण घाला. त्याच्याशी बोलत राहा.

रक्त जोरात वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबून धरा. काही केल्या रक्त थांबत नसेल आणि जिवावर बेतले असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळावी आणि आवळल्याची वेळ लिहावी. रक्त वाहत नसताना चेंगरलेल्या हातापायाला दोरी आवळू नये.

ही कामे मात्र करू नका

चेंगरलेला भाग तेलाने चोळू नका. शेकू नका. त्यावर बर्फ चोळू नका.

जखमेत राख, माती, शेण, तंबाखू भरू नका. त्याने जखम चिघळते आणि धनुर्वात होऊ शकतो.

दुखणे थांबवायला दुकानातली गोळी मनानेच देऊ नका. दुखण्याच्या कितीतरी गोळ्या किडनीला जड जातात. आधीच अडचणीत असलेल्या किडनीवर हा दुसरा घाव होतो.

शहाळ्याचे पाणी देऊ नका. फळांचा रसही नको. एरवी शहाळे चांगले. पण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. रक्तात तेच जास्त झालेले असते. त्यात आणखी भर नको.

साध्या पाण्याचे काय? गाडी लवकर येणार असेल तर काही देऊ नका, कारण दवाखान्यात शस्त्रक्रिया लागू शकते. मदत यायला कित्येक तास लागणार असतील, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल आणि पोटाला मार नसेल, तर साधे पाणी घोट घोट द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. ते श्वासनळीत जाते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. "बरा दिसतो, मग घरीच राहू दे," असे म्हणू नका. फार वेळ दबलेला माणूस कितीही बरा दिसला तरी त्याला दवाखान्यात न्यायचेच. तो स्वतः "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी न्यायचे.

वाटेत लघवी झाली तर ती स्वच्छ पारदर्शक बाटलीत धरा आणि डॉक्टरला दाखवा. रंग पाहून त्यांना पुष्कळ कळते. यात लाजायचे काही नाही.

हात मशिनीत सापडला तर

आतापर्यंत आम्ही फार वेळ दबण्याविषयी सांगितले. पण शेतावर क्षणात चेंगरण्याचे प्रसंग जास्त येतात. गुऱ्हाळाच्या चरकात बोटे जातात. मळणी यंत्रात हात ओढला जातो. पायावरून गाडीचे चाक जाते.

अशा वेळी पहिल्यांदा यंत्र बंद करा. घाबरून हात ओढू नका. अंगठी, कडे, बांगड्या लगेच काढा. सूज आल्यावर त्या निघत नाहीत आणि बोटाला फास बसतो.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते टाकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पिशवीचे तोंड बांधा आणि ती बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. रुग्णाबरोबर ते दवाखान्यात न्या. कधी कधी ते जोडता येते.

यात आणखी एक छुपा धोका आहे. आपले स्नायू चिवट पडद्यांच्या कप्प्यांत बसवलेले असतात. हे पडदे ताणत नाहीत. आत सूज आली की जागा पुरत नाही. सुजेचाच दाब रक्तवाहिन्यांवर पडतो आणि रक्त थांबते. म्हणजे बाहेर ओझे नसताना आतल्या आत चेंगरणे चालू राहते. तिथेही सुमारे सहा तासांत कायमचे नुकसान होते.

हे ओळखायचे कसे? मार दिसतो त्यापेक्षा दुखणे फार जास्त असते. बोटे सरळ केली की माणूस किंचाळतो. मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. कातडी ताणून चकचकीत होते. हात लाकडासारखा कडक लागतो. अशी खूण दिसली तर रात्र असली तरी निघा. सकाळची वाट पाहू नका.

मोडलेल्या हाताला कामट्या लावून घट्ट बांधण्याची चाल पुष्कळ गावांत आहे. ताज्या मारावर असे आवळणे फार धोक्याचे. सूज वाढते, पट्टी मात्र वाढत नाही. बांधल्यावर बोटे निळी-काळी पडली, गार झाली, ठणका वाढला, तर पट्टी तिथल्या तिथे सैल करा आणि दवाखाना गाठा. नुसत्या आवळलेल्या पट्टीने हात कायमचा जाऊ शकतो. पुन्हा जन्मभर विळा धरता येत नाही.

दवाखान्यात काय करतात?

दवाखान्यात तीन-चार गोष्टी होतात. त्या आधी माहीत असल्या म्हणजे घरची माणसे घाबरत नाहीत.

पहिली गोष्ट, सलाईन. मोठ्या माणसाला सुरुवातीला तासाला सुमारे एक लिटरपर्यंतही देतात. एवढे कशाला? कालव्यात गाळ बसू नये म्हणून जसे पाणी जोरात सोडतात, तसे किडनीतून पाणी वाहते ठेवायचे असते. पण किती द्यायचे आणि कोणते द्यायचे, हे डॉक्टरच ठरवतात. काही सलाईनमध्ये पोटॅशियम असते. ते या रुग्णाला चालत नाही. लघवी किती होते हे मोजायला नळी घालतात. लघवी होत नसताना पाणी चढवत राहिले तर छातीत पाणी होते. म्हणून हे काम घरी करायचे नाही.

दुसरी गोष्ट, काळजाची तपासणी. छातीला तारा लावून कागदावर ठोके उमटवतात. त्याला ईसीजी म्हणतात. रक्त तपासतात. पोटॅशियम वाढले असेल तर ते उतरवण्याची औषधे देतात.

तिसरी गोष्ट, सूज फार असेल तर कातडी आणि आतला पडदा लांब चिरून कप्पा मोकळा करतात. हे पाहून नातेवाईक चिडतात, "धडका पाय डॉक्टरनं फाडला!" पण तो फाडलेला नसतो. दाब मोकळा केलेला असतो. वेळेवर केले तर पाय वाचतो. जखम मागाहून शिवतात.

चौथी गोष्ट, डायालिसिस. किडनी बंद पडली तर तिचे काम काही दिवस यंत्राकडून करून घेतात. रुग्णाचे रक्त यंत्रातून गाळून परत अंगात सोडतात. हे यंत्र कोल्फ नावाच्या डॉक्टरने १९४३ साली हॉलंडमध्ये माणसासाठी वापरले. लंडनच्या त्या रुग्णांना १९४१ साली हा आधार नव्हता.

डायालिसिसचे नाव काढले की लोक म्हणतात, "आता हे जन्माचं मागं लागलं." चेंगरलेल्या रुग्णाच्या बाबतीत बहुतेक वेळा तसे नसते. त्याची किडनी आधी चांगली असते. ती फक्त तुंबलेली असते. जो रुग्ण जगतो, त्याची किडनी बहुधा काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागते आणि यंत्र सुटते. म्हणून या भीतीने रुग्णाला घरी आणू नका.

वेळेवर दिलेल्या पाण्याची किंमत

तुर्कस्तानात १७ ऑगस्ट १९९९ रोजी फार मोठा भूकंप झाला. त्यात चेंगरल्यामुळे ६३९ जणांच्या किडन्यांना त्रास झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. त्यांपैकी ४७७ जणांना डायालिसिस करावे लागले. ६३९ पैकी ९७ जण दगावले. उरलेले ५४२ वाचले. उपचार मिळाला तर एवढी माणसे वाचतात.

त्याच देशात १ मे २००३ रोजी बिंगोल या भागात भूकंप झाला. या वेळी डॉक्टरांनी आधीचा धडा लक्षात ठेवला होता. बाहेर काढलेल्या माणसांना त्यांनी लवकरात लवकर भरपूर सलाईन दिले. अशा रीतीने उपचार केलेल्या १६ रुग्णांपैकी फक्त ४ जणांना डायालिसिस लागले. बाकी १२ जणांना यंत्राची गरजच पडली नाही.

दोन्ही वेळा भूकंपच होता. दोन्ही वेळा मारही तसाच होता. लवकर दिलेल्या पाण्याने मोठा फरक पडला.

अशी वेळ येऊच नये म्हणून

जुन्या घराच्या माळवदावर दरसाल नवी माती चढवू नका. आधीची काढून मग नवी घाला. पावसाची झड लागली की भिजलेल्या मातीच्या भिंतीकडेला झोपू नका. भिंतीला पोट आले, नवी भेग पडली, तर माणसे आणि गुरे तिथून हलवा.

विहीर किंवा चर खोदताना माती सरळ उभी कापू नका. उतार द्या किंवा फळ्या-बल्ल्यांचा आधार द्या. काढलेली माती काठावर रचू नका. तिच्या वजनाने कड ढासळते.

ट्रॅक्टर बांधावर किंवा उतारावर आडवा चालवू नका. चाकाच्या मडगार्डवर पोरांना बसवू नका. चरकावर, मळणी यंत्रावर काम करताना पदर खोचा, सैल बाही वर घ्या, मफलर काढून ठेवा. झोप येत असेल तर यंत्राजवळ उभे राहू नका.

मंडळी, इतके वाचलेत. आता चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. ओझे निघाले म्हणजे धोका टळला असे नाही. किती वेळ दबला ते लिहून ठेवा. लघवीकडे लक्ष ठेवा. बरा दिसला तरी दवाखान्यात न्या.

गावच्या दहा हातांनी माणूस बाहेर काढला. त्याला दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचवणे हेही त्याच दहा हातांचे काम आहे.

विचार करा आणि सांगा

१. ओझे काढल्यावर धोका का वाढतो?
२. चेंगरलेल्या माणसाला शहाळ्याचे पाणी का देऊ नये?
३. लघवी कोणत्या रंगाची झाली तर डॉक्टरला लगेच सांगावे?
४. तुमच्या गावात पडायला आलेली भिंत कोणती? ती उतरवायला कोणाला सांगाल?